चांदीची कोयरी आणि ब्युरेटचं रीडिंग

(मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांच्या स्पर्धांच्या आधी झालेल्या सप्रयोग व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला सांगितलं, मुलांसाठी विज्ञानावर अर्धा तास बोला. मी काही प्राध्यापक नाही. केमिकलचा डिप्लोमा केला आणि राज्य सरकारच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागलो, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. पाणी तपासणं हे माझं काम. त्यामुळे जे रोज हाताखालून जातं त्याबद्दलच बोलेन. विषयाचं नाव पुस्तकात ऑक्सिडेशन-रिडक्शन असं आहे. महाराष्ट्रातल्या मराठी पुस्तकांत त्याला ऑक्सिडीकरण आणि क्षपण म्हणतात. आपली बडोद्याची मुलं गुजरातीत नाही तर इंग्रजीत शिकतात, त्यामुळे क्षपण हा शब्द इथे फार तर दोघा-तिघांनी ऐकला असेल. ऐकून ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी हे टेबल बघा. प्लास्टिकचा टब आहे. तळाला डबा बांधायचं अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरलं आहे, चकचकीत बाजू वर. त्यात दोन चमचे खाण्याचा सोडा आणि एक चमचा मीठ टाकलं आहे. आता एक वहिनी चुलीवरून उतरवलेलं गरम पाणी ओततील. मुलांनी मागे सरका. आणि ही हळदीकुंकवाची चांदीची कोयरी. परवाच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं होतं, ज्यांच्याकडे सगळ्यात काळी पडलेली चांदीची वस्तू असेल त्यांनी आणावी. पाच घरांतून आल्या, म्हणजे आपल्याकडे काळ्या चांदीची टंचाई नाही. त्यातली सगळ्यात काळी ही कोयरी निघाली. ती फॉइलला टेकेल अशी ठेवतो. टेकली पाहिजे, नुसती पाण्यात बुडून उपयोग नाही. तिला पाच-सात मिनिटं तिथेच राहू द्या.

तोवर एक प्रश्न. कोयरी काळी कशामुळे पडली? मागून कुणीतरी म्हणालं, गंजली. गंज लोखंडाचा. चांदीला हवेतल्या ऑक्सिजनचं फारसं आकर्षण नाही. तिला गंधक आवडतं. हवेत गंधकाचा वायू अगदी थोडा असतो, कांद्यात असतो, अंड्यात असतो, लोकरीत आणि रबरातही असतो. म्हणून चांदीची भांडी रबर लावून गुंडाळून ठेवली की जिथे रबर तिथे काळी रेघ उमटते. हा काळा थर म्हणजे चांदी आणि गंधक मिळून झालेलं सिल्व्हर सल्फाइड.

आता नवरात्र महिन्यावर आलंय. गरब्यासाठी मुली ऑक्सिडाइज्ड दागिने घेतात. मंगळबाजारात दुकानंच्या दुकानं भरलेली असतात. खऱ्या चांदीचे असे दागिने मुद्दाम गंधकाच्या द्रावणात काळे करतात. त्यात ऑक्सिजनचा काही संबंध नसतो. मग नाव ऑक्सिडाइज्ड का? नाव चुकलेलं नाही. पूर्वी ऑक्सिडीकरण म्हणजे ऑक्सिजनशी संयोग इतकाच अर्थ होता. नंतर लक्षात आलं की ऑक्सिजन जे करतो तेच गंधक करतं, क्लोरीन करतो, आयोडीनही करतं: समोरच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेतात. म्हणून आज व्याख्या सोपी झाली. इलेक्ट्रॉन दिला ते ऑक्सिडीकरण, इलेक्ट्रॉन घेतला ते क्षपण. एकाने दिल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही, म्हणून दोन्ही एकाच वेळी होतात. आणि घेतल्यावर वाढायला हवं, तर त्याला क्षपण, म्हणजे कमी होणं, का म्हणतात? कारण हा शब्द इलेक्ट्रॉनच्या फार आधीचा आहे. भट्टीत खनिज टाकलं की धातू निघे आणि त्याचं वजन खनिजापेक्षा कमी भरे. त्या कमी होण्यावरून रिडक्शन आणि त्यावरून क्षपण.

टबात आत्ता तेच चाललंय. अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन देतंय, सल्फाइडमधली चांदी ते घेऊन परत धातू होतेय. जवळ बसलेल्यांना सडक्या अंड्याचा किंचित वास येत असेल, तो सुटलेल्या गंधकाचा. सोड्याचं काम इतकंच की अ‍ॅल्युमिनियमवरची अदृश्य साय काढून टाकायची, म्हणजे ते मोकळं होतं.

एक फरक सांगतो, कारण घरोघरी गोंधळ असतो. तांब्याचं ताम्हन आपण चिंचेने घासतो. तेही लख्ख होतं, पण ते क्षपण नाही. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर नुसता विरघळवतं, इलेक्ट्रॉनची देवघेव होत नाही. थोडं तांबं चिंचेबरोबर मोरीत जातं. चांदी पावडरने घासली तरी तसंच, दर वेळी थोडी चांदी फडक्यावर येते. या टबात मात्र चांदी कोयरीवरच राहते. खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळ्या केलेल्या दागिन्याला हा प्रयोग करू नका, नाहीतर नक्षीतला काळेपणा निघून जाईल आणि घरात माझं नाव निघेल.

कोयरी होतेय तोवर थोडं आपल्या गावाबद्दल. राजमहाल रोडवर कलाभवन आहे, आपल्यातले कितीतरी जण तिथून इंजिनियर झाले. ते १८९० साली सुरू झालं. सयाजीराव महाराजांनी त्याचं काम प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे सोपवलं होतं. गज्जर मूळ सुरतेचे, रसायनशास्त्राचे माणूस. कारागिराच्या मुलाला त्याच्याच भाषेत शास्त्र शिकवावं असा त्यांचा आग्रह होता. कापड रंगवणं हा तिथला मोठा विषय. निळीने कापड रंगवायचं तर नीळ पाण्यात विरघळतच नाही. आधी तिचं क्षपण करायचं, की ती जवळपास रंगहीन होऊन पाण्यात उतरते. कापड बुडवून बाहेर काढलं की हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा निळी होते आणि धाग्यात अडकून बसते. मुलांच्या पुस्तकात जे समीकरण आहे ते तिथल्या पोरांच्या हाताला, नखांना लागलेलं असायचं. गज्जरांच्या शिष्यांपैकी कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी १९०७ साली अलेम्बिक उभी केली. अलेम्बिक म्हणजे ऊर्ध्वपातनाचं जुनं भांडं, कंपनीचं नावसुद्धा प्रयोगशाळेतून आलं.

हेच गज्जर पुढे मुंबईला गेले. तिथे राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी १८९६ साली काळं फासलं होतं, ते डाग काढून दाखवले गज्जरांनी. काळं फासणारे पुण्याचे आणि पुसणारे एके काळचे बडोद्याचे. यावर कुणाची बाजू घ्यायची ते आपापलं ठरवा, मी सरकारी नोकर आहे.

पण मला आज सांगायचंय ते कलाभवनच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याबद्दल. धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून बडोद्याला आले, चित्रकला शिकले आणि इथेच फोटोग्राफीच्या नादाला लागले. गज्जरांनी त्यांना फोटोग्राफीचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली, पुढे तीन रंगांचे ब्लॉक शिकायला रतलामला पाठवलं. आपण त्यांना सिनेमाचे जनक म्हणतो. माझ्यासारख्याला ते आधी डार्करूममधले रसायनवाले दिसतात.

ज्यांनी रीळ घातलेले कॅमेरे वापरले आहेत त्या काका लोकांना आठवेल. फिल्मवर सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण असतात. जिथे उजेड पडला तिथल्या कणांत चांदीचे अगदी थोडे अणू तयार होतात, डोळ्याला काही दिसत नाही. मग डेव्हलपरमध्ये बुडवायचं. डेव्हलपर इलेक्ट्रॉन देतो आणि तो अख्खा कण चांदी होतो. म्हणजे क्षपण. इतकी बारीक चांदी चमकत नाही, काळी दिसते. निगेटिव्हमधला काळा भाग म्हणजे शुद्ध चांदी. आता गंमत बघा. कोयरीवरचा काळेपणा चांदीने इलेक्ट्रॉन दिल्याचा आणि फोटोतला काळेपणा चांदीने इलेक्ट्रॉन घेतल्याचा. दोन्ही काळे, दिशा उलट्या. मुलांनो, नुसता रंग बघून उत्तर लिहू नका असं मी म्हणतो ते यासाठी.

फोटो मग हायपोत धुवायचा, म्हणजे उजेड न लागलेलं ब्रोमाइड निघून जातं. नीट धुतला नाही आणि हायपो कागदात राहिला, तर वर्षांनी त्यातलं गंधक चांदीला गाठतं आणि फोटो पिवळा-तपकिरी होतो. आपल्या दिवाणखान्यातला पणजोबांचा पगडीवाला फोटो आणि देव्हाऱ्यातली कोयरी अशा एकाच रोगाने आजारी असू शकतात.

१९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला तेव्हा फिल्म धुण्याचं, रसायनं कालवण्याचं, फितीला भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके घरात करत होत्या. दिवसभर मंडळींचा स्वयंपाक आणि रात्री डार्करूम. आपल्याकडच्या बायकांनी केमिस्ट्रीला घाबरायचं काही कारण नाही. मला तर वाटतं, पुतळा उभारायचा तर त्या बाईंचा उभारावा.

आता कोयरी काढू. ही बघा. पुढच्या रांगेत फिरवा. फॉइल बघा, किती निस्तेज झालंय.

आता जरा वेगळं बोलतो. मुलांपेक्षा पालकांशी.

बारावी सायन्सच्या प्रॅक्टिकलला एक प्रयोग असतो, पोटॅशियम परमँगनेटचा. पूर्वी विहिरीत टाकायचं ते जांभळं औषध. ब्युरेटमध्ये हे जांभळं द्रावण भरायचं आणि खाली चंचुपात्रात ऑक्झॅलिक आम्ल नाही तर मोहर्स सॉल्ट. थेंब थेंब सोडत जायचं. प्रत्येक थेंब जांभळा पडतो आणि नाहीसा होतो, कारण खालचा पदार्थ इलेक्ट्रॉन देतो आणि परमँगनेट रंगहीन होतं. देणारा संपला की शेवटचा थेंब तसाच राहतो आणि पाणी फिकट गुलाबी होतं. तिथे थांबायचं आणि आकडा लिहायचा. वेगळा दर्शक लागत नाही.

या एका प्रयोगात केवढं काही दडलंय! ऑक्झॅलिक आम्ल साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करावं लागतं. तरीही पहिला थेंब हट्टाने जांभळाच राहतो, मुलं घाबरतात. जरा थांबलं की जातो. पुढचे थेंब झटपट जातात, कारण पहिल्या थेंबातून जे मँगनीज तयार झालं तेच पुढच्या थेंबांना ढकलतं. आम्ल सल्फ्युरिकच हवं. हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचे इलेक्ट्रॉन ओढायला लागतं आणि आकडा फुगतो. आम्ल कमी पडलं तर तळाला तपकिरी गाळ येतो. द्रावण इतकं गडद असतं की खालची कड दिसत नाही, म्हणून वरची कड वाचायची. चुकत चुकत हे सगळं हाताला कळतं, वाचून कळत नाही.

आणि होतं काय? मुलं गेल्या वर्षीच्या मुलाची जर्नल आणतात. १०.२, १०.२, १०.२. तीन एकसारखी रीडिंग, गणित तयार, सही झाली. काही ठिकाणी तर ब्युरेट कपाटातून निघतही नाही. मी कुणा शाळेला नावं ठेवत नाही. एका शिक्षकामागे पन्नास-साठ मुलं, रसायनं महाग, ट्यूशनवाल्यांना प्रॅक्टिकलशी देणंघेणं नाही. पालकही विचारतात, गुण किती मिळाले. रंग कोणता आला, हे विचारणारा पालक मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतःही माझ्या मुलीला कितीदा विचारलं, शंका आहे.

मी तरी काय वेगळा होतो? डिप्लोमाच्या परीक्षेत मला मोहर्स सॉल्टचा प्रयोग आला. अपेक्षित आकडा साऱ्यांना माहीत होता, दहाच्या आसपास. माझं आलं ८.९. पुन्हा केलं, ८.९. तिसऱ्यांदाही तेच. शेजारचे सगळे १०.० लिहून मोकळे झाले होते. मीही १०.० लिहिलं. पैकीच्या पैकी मिळाले. घरी पेढे वाटले.

बाटलीतलं ते द्रावण फिकट हिरवं असायला हवं होतं आणि ते पिवळट दिसत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आदल्या दिवशीचं, हवा लागलेलं द्रावण असणार. त्यातल्या लोहाने परीक्षेच्या आधीच हवेतल्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन टाकले होते, म्हणून परमँगनेट कमी लागलं. ज्या विषयाची परीक्षा चालली होती तो विषय त्या बाटलीतच घडत होता. ८.९ हे बरोबर उत्तर होतं. चारच ओळींचं कारण लिहायचं होतं. ते सुचलं नाही असं नाही, अंगावर कोण घेणार असं वाटलं.

ती सवय नोकरीत माझ्याबरोबर आली.

लागल्यावर पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. एका गावात कावीळ पसरली होती. विहिरी आणि टाकीत ब्लीचिंग पावडर टाकत होते, तरी रोगी थांबत नव्हते. त्या पावडरचा नमुना आमच्याकडे आला. ही तपासणीही ऑक्सिडीकरण-क्षपणाचीच. पावडर पाण्यात कालवायची, पोटॅशियम आयोडाइड आणि अ‍ॅसिटिक आम्ल घालायचं. पावडरीतला क्लोरीन आयोडाइडचे इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि तपकिरी आयोडीन मोकळं होतं. मग ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट सोडायचं. थायोसल्फेट म्हणजे तोच फोटोवाला हायपो. रंग गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा झाला की स्टार्च टाकायचा, गर्द निळा रंग येतो, आणि निळा गेला की थांबायचं. स्टार्च आधीच टाकला तर आयोडीन त्याला चिकटून बसतं आणि आकडा चुकतो.

ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये उपयोगी क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. माझं उत्तर आलं १९. मला वाटलं, माझंच चुकलं. नवीन माणूस, पिशवीवर ३३ छापलेलं, आणि मी कोण १९ म्हणणारा? मी कच्च्या कागदावर ३२ लिहिलं. खोटं लिहितोय असं वाटलंसुद्धा नाही. दुरुस्ती करतोय असं वाटलं.

आमचे वरिष्ठ निवृत्तीला आलेले होते. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, "भाई, थायोसल्फेट किती लागलं?" मी खरा आकडा सांगितला. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि कागद परत केला. ओरडले नाहीत. म्हणाले, "तीनदा कर. जे दिसेल ते लिही. खाली सही मी करतो." तीनदा केलं. १९, १९ आणि १९ च्या जरा खाली. पिशवी उघडी राहिली असणार, दमट हवेत क्लोरीन उडून गेला. गावात माप मात्र ३३ धरून टाकत होते, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त औषध कमी पडत होतं. त्याच संध्याकाळी फोन गेला आणि पावडर बदलली.

माझं ३२ गेलं असतं तर काय झालं असतं, यावर मी फार विचार करत नाही. रात्री करायला लागलो की झोप येत नाही.

म्हणून पालकांना एकच विनंती. मुलाचं रीडिंग वेगळं आलं तर त्याला रागावू नका, आणि जर्नल आणून देऊ नका. प्रॅक्टिकलला दोन गुण कमी पडले तरी चालतील.

आता शेवटचा प्रयोग, हा मुलांनी घरी करायचा. मोठं माणूस जवळ पाहिजे. परमँगनेट आणि आम्लं घरी नकोत. लागतं काय? भाताचा मांड, भरपूर पाणी घालून पातळ केलेला. जखमेवर लावायचं बीटाडिन, त्यात आयोडीन असतं. आणि एक लिंबू. मांडात बीटाडिनचे दोन थेंब टाकतो. निळाकाळा झाला, दिसतोय? आता लिंबाचा रस थेंब थेंब. हलवत राहायचं. आठ, नऊ, दहा... चौदाला गेला. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने आयोडीनला इलेक्ट्रॉन दिले, त्याचं आयोडाइड झालं आणि निळा रंग गेला. आता केमिस्टकडे मिळतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं घालतो. जरा थांबा, घाई नको. कडेने बघा, परत निळं होतंय. दिलेले इलेक्ट्रॉन पेरॉक्साइडने काढून घेतले. बीटाडिन कपड्यांवर सांडू नका, आणि हे मिश्रण कुणी प्यायचं नाही, गंमत म्हणूनही नाही.

हे थेंब मोजणं म्हणजेच ब्युरेट. रविवारपर्यंत प्रत्येकाने तीन लिंबं तपासायची: एक ताजं कापलेलं, एक आदल्या रात्री कापून ठेवलेलं, आणि एकाचा रस पाच मिनिटं उकळलेला. मांड तोच, बीटाडिनचे थेंब तेवढेच, ड्रॉपर एकच. प्रत्येक वेळी किती थेंब लागले ते वहीत लिहायचं. उत्तर काय येईल ते मी सांगणार नाही, आणि मोठ्या बहिणीलाही विचारायचं नाही. रविवारी आरतीनंतर वह्या घेऊन या, फळ्यावर सगळ्यांचे आकडे मांडू. शेजारच्याचा आकडा वेगळा असेल तर आपला खोडायचा नाही. वेगळा का आला ते आपण सगळे मिळून शोधू. बक्षीस स्वच्छ वहीला नाही, थेंब सांडलेल्या वहीला आहे, असं मी अध्यक्षांकडून कबूल करून घेतलंय.

ज्यांची कोयरी आहे त्यांनी ती घेऊन जावी. घरी गेल्यावर साध्या पाण्याने धुऊन कोरडी पुसा, आणि रबर लावून ठेवू नका. बाकीच्या चार वस्तू टेबलाखाली आहेत. पाणी अजून गरम आहे, रांगेने या.